बिजागरीची दोन पानं : ‘योमी नो त्सुगाई’मधल्या जुळ्यांचं कोडं

माझी भाची यंदा नववीत गेली. मे महिन्यात आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिच्या पिशवीत कपड्यांपेक्षा मंगाचे, म्हणजे जपानी चित्रकथांचे, खंडच जास्त होते. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपून मी जरा लवंडले होते, तर ती पुस्तक घेऊन शेजारी येऊन बसली.

“मावशी, यातला वाईट कोण तेच मला कळत नाहीये. दोघं जुळी आहेत. एकाची शक्ती बंद करायची, दुसरीची उघडायची. त्यांच्याबद्दलचं भाकीतही आधीच सांगून ठेवलंय. म्हणजे शेवटी दोघं एकमेकांवरच उठणार ना?”

“सांगते,” म्हटलं खरं, पण सांगता सांगता दोन दुपारी गेल्या. तिला जे सांगितलं तेच इथे जरा नीट लावून लिहिते आहे, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. परस्परविरोधी शक्तींची जुळी भावंडं कथेत आली की आपणही आधी राम कोण आणि रावण कोण हेच शोधू लागतो. या मंगापुरता तो शोधच आपल्याला चुकीच्या वाटेला नेतो. पहिल्या काही खंडांतली रहस्यं पुढे उघड होणार आहेत. कोऱ्या मनाने वाचायचं असेल त्यांनी आधी मंगा वाचावी आणि मग इकडे वळावं. दुसऱ्या दोन मंगांचाही पुढे उल्लेख आहे आणि त्यांतलीही एकेक गाठ सुटते.

पुस्तकाचं नाव ‘योमी नो त्सुगाई’. लिहिणाऱ्या आणि चित्रं काढणाऱ्या हिरोमु आराकावा. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ हे नाव ज्यांनी ऐकलं आहे त्यांना त्यांची वेगळी ओळख नको. ती मालिका २००१ ते २०१० अशी चालली आणि तिचे २७ खंड झाले. आराकावांचा जन्म १९७३ चा, होक्काइदोतल्या तोकाची भागातल्या दूधदुभत्याचा व्यवसाय असलेल्या घरातला. हे मुद्दाम सांगते आहे, कारण गुरंढोरं, शिकार, कातडी सोलणं, जगण्यासाठी मारणं या गोष्टी त्यांच्या चित्रांत पाहुण्यासारख्या येत नाहीत, घरच्यासारख्या येतात. ‘योमी नो त्सुगाई’ डिसेंबर २०२१ मध्ये ‘मासिक शोनेन गांगान’मध्ये सुरू झाली.

कथा सुरू होते डोंगरातल्या एका आडगावात. गावाचं नाव हिगाशी, म्हणजे पूर्व. तिथे जुळी जन्मतात. एक रात्री, दुसरी दिवस उजाडताना. गावात पूर्वापार चालत आलेलं भाकीत असं की रात्र आणि दिवस यांची वाटणी करणारी जुळी जन्मली की त्यांच्या अंगी दोन शक्ती येणार. मुलाचं नाव युरु, मुलीचं आसा. आसा म्हणजे जपानीत सकाळ, आणि युरु या नावाचा नाद ‘योरु’शी, म्हणजे रात्रीशी जुळतो. पुढे युरु मोठा होतो, धनुष्यबाण घेऊन शिकार करतो. त्याची बहीण मात्र गावातल्याच एका बंदिस्त जागी ‘कर्तव्य’ म्हणून कोंडलेली असते. तो तिला भेटायला जातो. गाव इतकं जुन्या वळणाचं काढलं आहे की आपण सहज समजतो, ही कुठल्या तरी सरंजामी काळातली गोष्ट आहे.

आणि मग आकाशातून हेलिकॉप्टर येतं.

या एका चित्राने सगळं उलटंपालटं होतं. काळ आजचाच आहे. गाव मात्र जगापासून लपवून ठेवलेलं आहे. बंदुका घेतलेली माणसं उतरतात, डोळ्यांना न दिसणारे जबडे गावकऱ्यांचे लचके तोडतात, आणि हल्लेखोरांमधली एक डोळ्यावर पट्टी बांधलेली मुलगी युरुला सांगते की खरी आसा मी. कोठडीतली आसा खरी नव्हतीच.

इथवर वाचून भाचीने पुस्तक मिटलं होतं आणि माझ्याकडे आली होती. तिचा गोंधळ रास्त होता. ज्यांनी जपून ठेवलं ते गाव खोटं बोलत होतं, आणि ज्यांनी जाळपोळ केली त्यांच्यात सख्खी बहीण निघाली. मग विश्वास कुणावर ठेवायचा?

मी आधी नावापासून सुरुवात केली. इंग्रजीत ही मंगा ‘डीमन्स ऑफ द शॅडो रेल्म’ या नावाने येते. नाव भारदस्त आहे, पण त्यात मूळ नावातले दोन्ही शब्द हरवले. योमी म्हणजे मृतांचा लोक. त्सुगाई म्हणजे जोडी, विशेषतः नर-मादीची, पक्ष्यांची असते तशी. या मंगाच्या जगात ज्या अमानवी शक्ती वावरतात त्यांना त्सुगाई म्हणतात, आणि त्यांतली एकही एकटी नसते. जबड्यांचंच घ्या, वरचा जबडा आणि खालचा जबडा अशी ती जोडी आहे. गावाच्या राखणदार मूर्तींना डावे-उजवे म्हणतात. त्या जाग्या होऊन युरुशी करार करतात तेव्हा डावी ही स्त्री असते आणि उजवा हा पुरुष. एकटा जबडा कुणाला चावू शकत नाही. ‘डीमन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकटं भूत उभं राहतं, आणि या कथेचा पायाच निसटतो.

जपानीत बिजागरीला ‘चोत्सुगाई’ म्हणतात. चो म्हणजे फुलपाखरू, त्सुगाई म्हणजे जोडी. उघडलेली बिजागरी पाहा, पंख पसरलेलं फुलपाखरूच दिसतं. हे कळलं त्या दिवशी मी भाचीला घेऊन आमच्या जुन्या लाकडी कपाटापुढे जाऊन उभी राहिले. त्या कपाटाची बिजागरी पितळी आहे, कडांना हिरवट पडलेली. एक पान चौकटीला स्क्रूने पक्कं बसवलेलं, दुसरं दाराच्या फळीला. एका पानाला तीन नळ्या, दुसऱ्याला दोन. बोटांत बोटं गुंफावीत तशा त्या एकमेकींच्या फटींत बसल्या आहेत आणि सगळ्यांतून एक पिन वरपासून खालपर्यंत गेली आहे. एक पान जागचं हलत नाही, म्हणून दुसऱ्याला फिरता येतं. “आता सांग,” मी विचारलं, “यातलं वाईट पान कोणतं?”

युरु आणि आसाच्या शक्तींची नावं एकेका अक्षराची आहेत. आसाची ‘काई’ म्हणजे सोडवणं, मोकळं करणं. युरुच्या वाट्याची ‘फू’ म्हणजे बंद करणं, मोहोर लावणं. जपानी लिपीतलं काईचं अक्षर तीन भागांनी बनतं. शिंग, सुरी आणि बैल. बैलाचं शिंग सुरीने कापून वेगळं करायचं, असा त्याचा मूळ अर्थ. त्यातूनच पुढे उकल करणं, समजणं, गुंता सोडवणं हे अर्थ आले. एखादी गोष्ट समजली याला जपानीत जो शब्द आहे, ‘रिकाई’, त्यात हेच बैल-सुरीचं अक्षर बसलं आहे. गोठ्यात वाढलेल्या लेखिकेने नेमकं हे अक्षर उचललं याचं मला फार अप्रूप वाटतं. फूचं अक्षर त्याहून घरगुती आहे. साध्या पत्राच्या पाकिटाला जपानीत ‘फूतो’ म्हणतात, त्यातला फू हाच. बंद केलं की आतलं सुखरूप राहतं, हा पाकिटाचा धर्म.

म्हणजे एक शक्ती चांगली आणि दुसरी वाईट, अशी ही वाटणी नाहीच. उघडणं म्हणजे सुटका, तसंच उघडणं म्हणजे आत नको ते शिरू देणं. बंद करणं म्हणजे कोंडणं, तसंच बंद करणं म्हणजे राखणं. कोठडी आणि पाकीट, दोन्ही बंदच असतात. मंगाच्या पहिल्याच भागात गावाची कोठडी बंद आहे आणि गावात शत्रू शिरतो तो बंद जागा उघडली गेल्यामुळे. वाचताना आपल्याला दोन्हींचा त्रास होतो.

ही विरोधाची कल्पना जपानला नवी नाही. शिंतो या जपानच्या मूळ धर्माच्या देवळाबाहेर कोमाइनु नावाच्या सिंहासारख्या दोन मूर्ती समोरासमोर बसवलेल्या असतात. एकीचं तोंड उघडं, दुसरीचं मिटलेलं. बौद्ध मंदिरांच्या महाद्वारावरचे निओ द्वारपालही तसेच. नारा शहरातल्या तोदाइ-जी मंदिराच्या दक्षिण दरवाजात असे दोन लाकडी निओ उभे आहेत, प्रत्येकी सुमारे ८.४ मीटर उंच. उन्केई, काईकेई आणि त्यांच्या सोबतच्या मूर्तिकारांनी ते १२०३ साली अवघ्या ६९ दिवसांत घडवले. उघड्या तोंडाचा ‘अ’ म्हणतो आहे, मिटल्या तोंडाचा ‘उन्’. हा ‘अ-उन्’ मुळात आपल्याकडचा. अ हे संस्कृत वर्णमालेतलं पहिलं अक्षर, आणि उन् म्हणजे ‘हूँ’, वर्णमालेच्या शेवटच्या ‘ह’ वरून आलेला. बौद्ध धर्माबरोबर आपली अक्षरं तिथे गेली आणि दारावर राखणीला बसली. आरंभ आणि शेवट, श्वास आत आणि श्वास बाहेर. दोन माणसांचं न बोलता जमतं तेव्हा जपानी माणूस आजही ‘अ-उन् नो कोक्यू’ म्हणतो, म्हणजे अ आणि उन् यांचा एकच श्वास.

आता डावे-उजवे पुन्हा पाहा. गावाच्या वेशीवरचे दोन दगडी राखणदार, एक स्त्री, एक पुरुष. ते भांडतात, एकमेकांना टोमणे मारतात, पण लढायला उतरले की एकाचा वार संपतो तिथून दुसरीचा सुरू होतो. युरुने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेली धडधाकट जोडी हीच. माझ्या मते आराकावांनी त्याला हे दोघं सोबती म्हणून दिले ते यासाठीच. बहिणीसोबत उभं कसं राहायचं हे शिकवायला त्याला कुणी माणूस मिळालेला नाही.

“पण दुसऱ्या मंगांत तर जुळी एकमेकांना मारतात,” भाची म्हणाली. मारतात, खरं आहे. हिरोयुकी ताकेई यांची ‘शामन किंग’ १९९८ ते २००४ या काळात आली. तिथे हाओ नावाचा हजार वर्षांपूर्वीचा तांत्रिक आपल्याच घराण्यात पुन्हा जन्म घेतो, तोही योह नावाच्या मुलाचा जुळा भाऊ होऊन. घरच्यांना आधीच माहीत असतं, म्हणून ते नवजात बाळाला मारायला निघतात. बाळ निसटतं, आणि त्या झटापटीत बापाचा चेहरा भाजतो. तिथे जुळेपण म्हणजे एका आत्म्याचे दोन तुकडे, आणि तुकडे जुळवायचे तर गाठ पडणारच. ‘जुजुत्सु काईसेन’मधल्या माकी आणि माई यांची तऱ्हा आणखी कठोर. तिथल्या तंत्रविद्येच्या हिशेबात एकसारखी जुळी म्हणजे एकच माणूस धरतात. एकाच टाकीला दोन नळ असावेत तसं. माईमध्ये थोडी शक्ती उरली आहे तोवर माकीचं जे खास बळ आहे ते पुरतं येत नाही. शेवटी माई जाते आणि जाताना बहिणीच्या वाटची सगळी शक्ती सोबत नेते, तेव्हा कुठे माकी पूर्ण होते. मी ते पान वाचून बराच वेळ गप्प बसले होते.

या दोन्ही रचना ताकदीच्या आहेत. पण दोन्हींत एकाच्या असण्याने दुसऱ्याचं कमी होतं. ‘योमी नो त्सुगाई’मध्ये उलट आहे. एक नसेल तर दुसऱ्याच्या शक्तीला अर्थच नाही. नुसतं बंद राहणारं दार म्हणजे भिंत, आणि नुसतं उघडं राहणारं म्हणजे भगदाड. म्हणून तर सगळ्यांना जोडी हवी आहे. पूर्वेचं गाव, कागेमोरी नावाचं घराणं, पश्चिमेचं गाव, प्रत्येकाला दोन्ही मुलं आपल्या हाताखाली हवीत, नाहीतर निदान दुसऱ्याच्या हाती लागू नयेत एवढं तरी हवं आहे.

भाकिताचं खरं काम इथे दिसतं. आपण समजतो, भाकीत म्हणजे पुढे काय होणार याची बातमी. गोष्टीत ते तसं वागत नाही. ‘अशी मुलं जन्मतील’ एवढंच ते सांगतं, आणि त्या क्षणापासून मोठी माणसं हिशेब मांडायला लागतात. मूल जन्माला येतं ते कुणाचा मुलगा म्हणून नव्हे, गावाची ठेव म्हणून. मग ठेवीला कुलूप लागतं. कुलूप दिसलं की चोर येतात. चोर आले की कुलूप आणखी पक्कं होतं. भाकीत खरं ठरायला कुठल्या दैवाची गरज पडत नाही, ते खरं मानणारी चार वजनदार माणसं पुरतात.

मुळात जुळ्यांकडे असं वाकड्या नजरेने पाहणं आराकावांनी कल्पनेतून आणलेलं नाही. जुन्या जपानात जुळ्यांच्या जन्माला ‘चिकुशोबारा’ म्हणत. अर्थ, जनावराचं पोट. माणसाला एका वेळी एक मूल व्हावं, पिलावळ जनावरांना होते, असा तो समज, आणि बोल अर्थातच आईला लागत असे. वेगळ्या लिंगाची जुळी असली तर ती मागच्या जन्मी एकत्र जीव दिलेल्या प्रेमिकांची जोडी, असंही मानत. पुष्कळदा एक मूल दुसऱ्या घरी वाढवायला देत. तोकुगावा इएयासु हा जपान एकछत्री करणारा शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता. त्याचा १५७४ मध्ये जन्मलेला मुलगा हिदेयासु बापापासून दूर वाढला. तो जुळ्यांपैकी एक होता आणि त्याच्या भावाला चिर्यु इथल्या देवस्थानाकडे सोपवलं, अशी परंपरेने सांगितली जाणारी हकीकत आहे. वारसाहक्काच्या घरात दोन सारखे मुलगे म्हणजे उद्याचं भांडण, ही त्यामागची भीती.

मोठं कोण यावरही एकमत नव्हतं. काही ठिकाणी नंतर जन्मलेल्याला थोरला धरत, कारण तो पोटात आधी आला आणि म्हणून आत राहिला, असं त्यांचं म्हणणं. हा घोळ सरकारने १८७४ मध्ये मिटवला. आधी जन्मेल तो थोरला, असा १३ डिसेंबरला हुकूम निघाला, आणि म्हणून १३ डिसेंबर हा तिथे जुळ्यांचा दिवस मानतात. मंगामधली आसा युरुला मानाने ‘आनी-सामा’ म्हणते. आपण दादासाहेब म्हणू तसं. काही क्षणांचाच मोठा भाऊ, पण त्या हाकेत तिने इतकी वर्षं साठवलेली ओढ आहे.

आता योमी. शक्ती जन्मतःच मिळत नाहीत, ही या मंगाची सगळ्यात भयंकर अट. जुळ्यांपैकी ज्याला शक्ती हवी त्याने एकदा मरावं लागतं. मृतांच्या लोकात जाऊन परत आलं तरच ती मिळते. आसा मरून परतली आहे, म्हणून तिच्याकडे काई आहे. युरु मेलेला नाही, म्हणून कथेच्या सुरुवातीला त्याच्याकडे फू नाही. आता पुन्हा विचार करा. जो कुणी या मुलाला म्हणतो की तुझी शक्ती जागी व्हायला हवी, तो त्याला काय सुचवतो आहे? भाचीने इथे एकदम पाय वर घेतले आणि उशी पोटाशी धरली.

योमीची मूळ गोष्ट ‘कोजिकी’ या ७१२ साली लिहून झालेल्या ग्रंथात आहे. इझानागी आणि इझानामी हे आदिदांपत्य, भाऊ-बहीणही. अग्निदेवाला जन्म देताना इझानामी भाजून मरते. इझानागी तिला आणायला योमीत जातो. ती म्हणते, मी इथलं अन्न खाल्लं आहे, तरी विचारून बघते, तोवर माझ्याकडे पाहू नकोस. त्याला धीर निघत नाही. केसांतल्या कंगव्याचा एक दात मोडून तो पेटवतो आणि त्या उजेडात त्याला बायकोचं किडे पडलेलं शरीर दिसतं. तो पळत सुटतो. ती चिडून मागे लागते. योमीच्या उतारावर तो एक प्रचंड शिळा आडवी लावतो, जी ओढायला हजार माणसं लागावीत अशी. शिळेच्या दोन्ही बाजूंना दोघं उभी राहतात. ती म्हणते, तुझ्या देशातली हजार माणसं मी रोज मारीन. तो म्हणतो, मग मी रोज दीड हजार बाळंतपणाच्या खोल्या बांधीन.

पहिली मोहोर ही. जिवंत आणि मृत यांच्यामधलं दार त्या दिवशी बंद झालं, आणि एका जोडीची दोन पानं दाराच्या दोन बाजूंना राहिली. शिमाने प्रांतात मात्सुए शहराच्या हद्दीत, हिगाशी-इझुमो भागात, आजही लोक ती जागा दाखवतात. तिथे दोन खांबांमध्ये दोरी बांधली आहे आणि मागे मोठाले दगड आहेत.

परत आल्यावर इझानागी नदीत अंग धुतो. डावा डोळा धुताना सूर्यदेवी आमातेरासु जन्मते, उजवा धुताना चंद्रदेव त्सुकुयोमी. डावं आणि उजवं, सकाळ आणि रात्र. या दोघांची ताटातूट कशी झाली ते ‘निहोन शोकी’ या ७२० सालच्या ग्रंथात आहे. अन्नदेवतेने चंद्रदेवाचं आदरातिथ्य केलं, पण भात, मासे, शिकार सगळं तोंडातून काढून वाढलं. त्याला किळस आली, त्याने तलवार उपसून तिला मारलं. सूर्यदेवी संतापली, म्हणाली, तुझं तोंड पुन्हा बघायचं नाही. तेव्हापासून एक दिवसा आणि एक रात्री, अशी दोघं वेगळी राहतात. रात्र आणि दिवस यांची वाटणी भावंडांच्या दुराव्यातून झाली, असं ही पुराणकथा सांगते. हिगाशी गावातलं भाकीत वाचताना माझ्या डोक्यात हीच गोष्ट घुमत होती. फरक एवढाच, की युरु आणि आसा दोघांनी एकमेकांवर राग धरलेला नाही. त्यांना वेगळं ठेवलं ते इतरांनी.

मराठी वाचकाला इथे आपली एक गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि ती ओढून ताणून आणलेली नाही. जपानी बौद्धांचा मृत्यूचा न्यायाधीश एन्मा म्हणजे आपलाच यम, चीनमार्गे तिथे पोचलेला. यम या शब्दाचा अर्थच जुळा. यमक, यमल हे त्याच घरातले शब्द. यमाची जुळी बहीण यमी. मैत्रायणी संहितेत अशी कथा आहे की यम मेला तेव्हा यमीचं रडणं थांबेना. देव समजूत काढायला जात तेव्हा ती एकच उत्तर देई, “आजच तर गेला.” कारण तेव्हा रात्र नव्हतीच, सगळा एकच दिवस होता. मग देवांनी रात्र निर्माण केली. उद्या उजाडला आणि यमी हळूहळू सावरली. भाऊबीजेला आपण यमद्वितीया म्हणतो, तो याच बहीण-भावाचा सण. मरून गेलेलं एक जुळं भावंड, त्यासाठी झुरणारं दुसरं, आणि दोघांमुळे झालेली दिवस-रात्रीची वाटणी. हे तीन धागे इतक्या दूरच्या दोन देशांत एकत्र सापडतात, तेव्हा अंगावर काटा येतो. आपल्याकडे भाऊ मेला आणि बहीण मागे राहिली. आराकावांच्या कथेत मरून आलेली बहीण आहे आणि तिचा शोध घेणं भावाच्या वाट्याला आलं आहे.

राहता राहिला आराकावांचा स्वभाव. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’मध्येही दोन भाऊ होते, एकाचं शरीर गेलं होतं, दुसऱ्याचा एक हात आणि एक पाय. काही मिळवायचं तर तेवढंच काही द्यावं लागतं, हा तिथला नियम. इथेही नियम तोच राहिला, फक्त किंमत थेट जीव झाली. आणि इतक्या काळोख्या कथेत त्या पोटभर हसवतात. डोंगरातून शहरात उतरलेला युरु रस्ता, गाड्या, दुकानं बघून चकित होतो, पण शिकाऱ्याची नजर सोडत नाही. कुठे आडोसा आहे, कुठून बाण सुटेल, हे तो आधी पाहतो. मला ही पानं फार आवडतात. इतकी वर्षं बंद ठेवलेला मुलगा उघड्या जगात आला आहे आणि अजून एकही शक्ती न वापरता स्वतःच्या डोळ्यांनी दार शोधतो आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चहा टाकत होते तर भाची ओट्यापाशी आली. हातात पुन्हा पहिलाच खंड.

“मावशी, वाईट कोण ते जाऊ दे,” ती म्हणाली. “पण मग तो इतकी वर्षं त्या कोठडीपाशी जाऊन कुणाशी बोलत होता? तिनेही त्याला भाऊच मानलं असेल ना?”

मी गॅस बारीक केला. ती तिथेच उभ्या उभ्या कोठडीचं पान उघडून त्या मुलीचा चेहरा न्याहाळायला लागली.